आधी मोजा, मग मोडीत काढा

नगरमधल्या दुरुस्तीच्या दुकानात जुना लॅपटॉप घेऊन येणारा माणूस सहसा तक्रार सांगत नाही, थेट उपायच सांगतो. ‘विंडोज मारून द्या.’ कारण विचारलं तर पुढचं वाक्य येतं, ‘सारखा हँग होतोय.’ काउंटरपलीकडचा माणूसही फारसा वाद घालत बसत नाही. तास-दोन तासांत नवी विंडोज चढते, यंत्र चकाचक दिसायला लागतं, पैसे चुकते होतात. पंधरा-वीस दिवसांनी तोच माणूस, तोच लॅपटॉप आणि तेच वाक्य. तिसऱ्या खेपेला निकाल लागतो: ‘जुना झालाय, आता नवीन घ्या.’

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट कुणीच केलेली नसते. यंत्राचं तापमान, डिस्कची तब्येत, मेमरीचा वापर यांतलं काहीही मोजलेलं नसतं. अंदाजाने औषध, अंदाजानेच निकाल. आणि हे अशा जिल्ह्यात, जिथल्या हिवरे बाजारने पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची शिस्त अख्ख्या देशाला दाखवली. लॅपटॉपच्या बाबतीतही तेवढीच शिस्त लागते. ताळेबंद आधी, निर्णय नंतर.

जुन्या यंत्रांवर चालणारा जिल्हा

2024 मध्ये नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात अजून ‘नगर’च आहे. 17,048 चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत चौदा तालुके. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या गल्लीत संगणकाचे क्लास निघाले. तिथे शिकलेली पिढी आज शाळेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत आणि सेवा केंद्रात कीबोर्डसमोर बसलेली आहे.

दरम्यान कागद पडद्यावर गेला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने झाले. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, शाळेची माहिती भरणं, सगळं ऑनलाइन. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा लेटरहेडपासून शिक्क्यांच्या नमुन्यांपर्यंत सगळ्या फायली पुन्हा उघडून दुरुस्त करायची वेळ आली, तीही याच यंत्रांवर.

ही यंत्रं नवी नसतात. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप घाऊक विकून टाकतात. पुसून-पासून, बॅटरी बदलून ते तालुक्याच्या दुकानात ‘रिफर्बिश’ या नावाने येतात. लोणी, संगमनेर, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या कितीतरी पोरांचा पहिला लॅपटॉप असाच कुणाच्या तरी हातून सुटलेला असतो. त्यात वाईट काही नाही. कंपन्यांसाठी बनवलेली ही यंत्रं दणकट असतात, मागचं झाकण चार-आठ स्क्रू काढले की उघडतं आणि सुटे भाग मिळतात.

आणखी एक वर्ग आहे डीटीपीवाल्यांचा. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, स्मरणिका आणि हो, दिवाळी अंकसुद्धा जुळवणारी ही मंडळी. त्यांच्याकडची जुनी कामं युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टमध्ये, पेजमेकरमध्ये अडकलेली आहेत. काही फॉन्ट-सॉफ्टवेअरला तर डोंगल लावल्याशिवाय अक्षर उमटत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. नवं यंत्र आणलं म्हणून हे सगळं त्यावर चालेलच असं नाही. त्यामुळे जुनं यंत्र टिकवणं ही त्यांची हौस नसते, गरज असते.

हँग झाला म्हणजे काय झालं?

‘हँग’ या एका तक्रारीखाली निदान चार वेगळे प्रकार येतात.

पहिला प्रकार लॅपटॉपचा नसतोच. मे 2025 मध्ये अकरावी प्रवेशाचं संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडलं, तेव्हा राज्यभरातली पोरं-पालक गोल फिरणारं चक्र बघत बसले होते. त्या वेळी कुठलाही नवा लॅपटॉप मदतीला आला नसता. एखादं पान अडकलं, पण शेजारी वर्डची फाइल नीट उघडते आहे, तर दोष इंटरनेटचा किंवा पलीकडच्या सर्व्हरचा आहे.

दुसऱ्या प्रकारात एकच प्रोग्राम अडकतो आणि बाकी सगळं चालतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, तो प्रोग्राम बंद करायचा, विषय संपला.

तिसऱ्यात सगळंच कासवगतीने चालतं. माउस हलतो, पण क्लिक केलेली खिडकी अर्ध्या मिनिटाने उघडते. चौथ्यात सगळं थिजतं: माउस नाही, घड्याळ पुढे सरकत नाही, गाणं लागलेलं असेल तर त्याचा एकच तुकडा घरघरत राहतो.

शेवटच्या दोघांत फरक ओळखायची जुनी, फुकट युक्ती आहे. कॅप्स लॉक दाबून पाहायचं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतली यंत्रणा जिवंत आहे, कशाची तरी वाट पाहते आहे. दिवा जागचा हलत नसेल तर बिघाड बहुधा खोलवरचा आहे: रॅम, ग्राफिक्स, मदरबोर्ड किंवा एखादा ड्रायव्हर. फक्त पडदा थिजल्याचा संशय असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबायची. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बारीक बीप ऐकू येते आणि कधीकधी पडदा परत येतो.

याच्या जोडीला एक वही ठेवावी. यंत्र कधी अडकलं, तेव्हा काय चाललं होतं, चार्जर लावलेला होता का, पंखा वाजत होता का, खालची बाजू हाताला किती गरम लागली. आठवडाभराच्या अशा नोंदी दुकानदाराला ‘सारखा हँग होतो’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. विंडोजही स्वतःची वही ठेवते. शोधाच्या चौकटीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की रोजच्या तब्येतीचा आलेख उघडतो आणि कोणत्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुलीसह दिसतं. हा आलेख वर्षानुवर्षं यंत्रात पडून असतो. उघडून पाहणारा विरळाच.

उन्हाळा आणि धूळ

एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा चाळिशीपार जातो. लॅपटॉपचा पंखा बाहेरची हवा आत ओढूनच प्रोसेसर थंड करतो. त्यामुळे खोली 25 अंशांवरून 40 अंशांवर गेली की त्याच कामासाठी चिपचं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. तरीही भागलं नाही तर यंत्र अचानक बंद होतं. दुपारी रेंगाळणारा आणि रात्री बरा चालणारा लॅपटॉप असेल तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

त्यात धूळ. पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, रस्त्यांची सततची खोदकामं, उत्तरेकडच्या तालुक्यांत गाळप हंगामात उसाच्या गाड्यांनी उडवलेला धुरळा आणि कारखान्याच्या धुराड्याची राख. पंख्यामागे तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते. चार-पाच वर्षांत तिच्यासमोर धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा बाहेर पडत नाही. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमधली पेस्टही तोवर वाळून तिची भुकटी झालेली असते.

मोजायला सोपं आहे. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखा मोफत प्रोग्राम चालवावा आणि काम करताना आकडा पाहावा. काहीच काम नसताना सत्तर-ऐंशी अंश दिसत असतील तर सर्व्हिसिंग हवं, विंडोज नव्हे. साफसफाई घरी करायची असेल तर यंत्र पूर्ण बंद करावं, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची पिन काढावी आणि ब्लोअर मारताना पंखा काडीने धरून ठेवावा. वाऱ्याने तो बेफाम फिरला तर बेअरिंग जातं. पेस्ट बदलायचं काम हात बसलेल्या माणसाकडेच द्यावं. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून काम करू नये. खालची हवेची भोकं बंद झाली की बाकीचे सगळे उपाय वाया जातात.

खरा गुन्हेगार बहुधा डिस्क

तरीही जुन्या लॅपटॉपमध्ये कासवगतीचं सर्वांत नेहमीचं कारण उष्णता नसून फिरणारी हार्ड डिस्क असते. लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण 11 मिलिसेकंद. आतल्या दांडीने योग्य जागी सरकायचं, तबकडी फिरून यायची वाट पाहायची, मग वाचायचं. विखुरलेल्या बारीक फायली असल्या तर सेकंदाला शंभराच्या आत-बाहेर वाचनं होतात. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथे हीच संख्या हजारोंच्या घरात जाते. विंडोज 10 पडद्यामागे सतत काहीतरी वाचत-लिहीत असते: अपडेट, शोधाची सूची, अँटिव्हायरस. सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना 100 टक्के दाखवत असेल तर बाकी सगळे त्याच दारात रांग लावून उभे आहेत असं समजावं.

डिस्क नुसती संथ असेल तर गोष्ट वेगळी आणि मरायला टेकली असेल तर वेगळी. खराब झालेल्या जागेवरचा मजकूर वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि तोवर विंडोज तिष्ठत बसते. म्हणून माउस हलतो, पण काहीच उघडत नाही. मिनिटाभराने सगळ्या क्लिकचं फळ एकदम मिळतं. आता ‘विंडोज मारल्यावर पंधरा दिवस बरा चालला’ याचा उलगडा होतो. नवी विंडोज डिस्कच्या चांगल्या जागांवर बसते, खराब जागा वाट्याला येईपर्यंत सगळं ठीक असतं. बिघाड जिथल्या तिथेच राहतो, फक्त पुढे ढकलला जातो.

डिस्कची तब्येत पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरतो. निळा रंग दिसला तर ठीक, पिवळा दिसला तर सावध. त्यातल्या लांबलचक यादीतल्या दोन ओळी महत्त्वाच्या: 05 क्रमांकाची, म्हणजे खराब जागांच्या बदली वापरात आलेल्या जागा, आणि सी5 क्रमांकाची, म्हणजे वाचता न आल्याने निर्णय बाकी असलेल्या जागा. दोन्ही ठिकाणी शून्य हवा. शून्य नसेल आणि दर आठवड्याला आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर फॉरमॅट मारायचा नाही, दुरुस्तीची चेकडिस्क चालवायची नाही. आधी फायली बाहेर काढायच्या. या क्रमात उलटापालट झाली की घरातले फोटो आणि शाळेचे निकाल उडतात.

डिस्क लवकर बिघडण्यामागे इथल्या प्रवासाचाही हात आहे. वाडी-वस्तीवरच्या शाळेत दुचाकीवरून जाणारे गुरुजी झाकण मिटून लॅपटॉप लगेच पाठीवरच्या सॅकमध्ये टाकतात. झाकण मिटलं म्हणजे आतलं सगळं त्याच क्षणी थांबलं असं नसतं. फिरत्या तबकडीला खड्ड्यातला दणका बसतो तो तिथे. पाठीवर घेण्याआधी शट डाउन करून दिवा विझेपर्यंत थांबावं.

रॅम, वीज आणि न झालेलं शट डाउन

सहा-आठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपांत 4 जीबी रॅम असायची. विंडोज 10, अँटिव्हायरस आणि ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की ती संपते. मग विंडोज डिस्कचाच तुकडा मेमरी म्हणून वापरायला लागते. डिस्क फिरती असेल तर दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत 85-90 टक्क्यांवर दिसत असेल तर 8 जीबी करावी. घेण्याआधी जुनी रॅम डीडीआर3 आहे की डीडीआर4 ते पाहावं; एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. काही पातळ यंत्रांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

पूर्ण थिजण्याच्या चौथ्या प्रकारात मात्र रॅम कमी नसून खराब असू शकते. मेमटेस्ट86+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवावा. एक जरी चूक दिसली तरी संशय पक्का. दुकानात रॅमची सोनेरी टोकं खोडरबरने पुसून परत बसवतात. ते थोतांड नाही, संपर्कावरचा मळ निघतो आणि कधीकधी तेवढ्यानेच काम भागतं.

विजेचंही पाहावं लागतं. बॅटरी मेलेला लॅपटॉप वीज गेली की धाडकन बंद होतो. लिहिता लिहिता बंद पडलेल्या फायली बिघडतात आणि पुढची सुरुवात अडखळते. स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर कमी वॅटचा असेल किंवा यंत्राला ओळखता येत नसेल, तर काही लॅपटॉप मुद्दाम संथ चालतात. ‘चार्जर लावला की हँग होतो’ या तक्रारीचं मूळ इथे सापडू शकतं. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे. तसा लॅपटॉप वापरणं ताबडतोब थांबवावं, बॅटरी टोचू किंवा दाबू नये.

आणि एक गंमत. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी ‘फास्ट स्टार्टअप’ सुविधेमुळे आतली यंत्रणा पूर्ण नव्याने सुरू होत नाही. तिची स्थिती डिस्कवर साठवून ठेवलेली असते. रोज बंद करणाऱ्याच्या टास्क मॅनेजरमध्येही ‘अप टाइम’ वीस-पंचवीस दिवस दिसतो तो यामुळे. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ निवडावं. बिनपैशांचा यासारखा दुसरा उपाय नाही.

विंडोज 10 ची मुदत

2025 च्या दिवाळीच्या तोंडावर, 14 ऑक्टोबरला, विंडोज 10 चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेची अपडेट आणखी वर्षभर, ऑक्टोबर 2026 पर्यंत, मिळण्याची सोय ठेवली. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षाचीप आणि साधारण 2018 नंतरच्या पिढ्यांचे प्रोसेसर लागतात. म्हणजे या लेखात ज्यांची चर्चा चालली आहे, त्यातली बरीच यंत्रं अधिकृतपणे दाराबाहेर राहिली. आडवाटेने विंडोज 11 चढवून देणारे आहेत, ते चालतंही. पण पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी कुणी देत नाही.

यावर दुसरा रस्ता लिनक्सचा. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती 4 जीबीच्या यंत्रावरही बरी चालते, मराठी युनिकोड टायपिंग होतं, ब्राउझर तेच असतात. तपासणीसाठीही तिचा उपयोग आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून तासभर काम करावं. तिथेही यंत्र थिजलं तर दोष हार्डवेअरचा. थिजलं नाही तर संशय डिस्क आणि विंडोज या दोघांपुरता उरतो. अडचण सरकारी कामाची आहे. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, जुना मराठी फॉन्ट यांची सांगड लिनक्सशी बसेलच असं नाही. सेवा केंद्रचालकाने आणि डीटीपीवाल्याने या वाटेला पूर्ण खात्री करूनच जावं. विद्यार्थ्याला आणि घरच्या वापराला ती उत्तम.

खर्चाचा हिशोब

क्रम असा लावावा: फायलींची प्रत, मग साफसफाई आणि पेस्ट, मग एसएसडी, मग रॅम, आणि सर्वांत शेवटी, नव्या एसएसडीवर, नवी विंडोज. बरा नवा लॅपटॉप तीस-पस्तीस हजारांच्या खाली मिळत नाही. एसएसडीला त्याच्या तुलनेत बराच कमी खर्च येतो. नगरच्या दुकानात भाग नसला तर पुण्याची तपकीर गल्ली 120 किलोमीटरवर आहे, पार्सल दुसऱ्या दिवशी हातात पडतं. दुरुस्ती करणाऱ्याकडून जुनी डिस्क परत मागून घ्यावी. ती फेकण्याची वस्तू नव्हे. तिच्यात आपली आधार कार्डं, बँकेची कागदपत्रं आणि सह्यांचे नमुने असतात.

दुरुस्ती कुठे थांबवायची याचेही आकडे आहेत. रॅम बदलली, डिस्क बदलली, तापमान साठ अंशांवर आहे आणि तरीही यंत्र पूर्ण थिजतं, तर बहुधा मदरबोर्ड गेला. त्याच्या दुरुस्तीला नव्या यंत्राच्या निम्मी किंमत सांगितली जात असेल तर नमस्कार करावा. मात्र ते यंत्र भंगारच्या गाड्यावर टाकू नये. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच व्हायला हवी. बॅटरीतलं लिथियम आणि बोर्डावरचं शिसं उकिरड्यावर जाळलं तर ते आपल्याच मातीत आणि विहिरीत उतरतं.

ज्यांना मोडीत काढण्यासारखं ठरवलं जातं, त्यांतल्या पुष्कळ लॅपटॉपांचा रोग धूळ, मेलेली डिस्क किंवा अपुरी रॅम एवढाच असतो. ‘जुना झालाय’ हा निकाल आकडे बघूनच मान्य करावा. दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: तापमान किती भरलं आणि डिस्कची 05 नंबरची ओळ काय सांगते? ज्याच्याकडे उत्तर असेल, त्याच्याकडे यंत्र सोपवावं. आणि दुकानात जाण्याआधी, आज रात्रीच, एक बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून आपल्या फायलींची प्रत काढून ठेवा. बाकी सगळे भाग बाजारात मिळतात, फायली मिळत नाहीत.